प्रत्यक्ष श्रम परिव्यय विचलन आणि कापूस वेचणी : एका लेखातंत्राची चिकित्सा

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रमाण परिव्यय हे प्रकरण विद्यार्थ्यांना सोपे वाटते. सूत्रे पाठ असली आणि आकडे जागच्या जागी घातले की उत्तर येते, आणि उत्तरापुढे 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' असा शब्द लिहिला की पूर्ण गुण मिळतात. या सोपेपणामुळेच या प्रकरणाची चिकित्सा सहसा होत नाही. उत्तर प्रतिकूल आले तर ते कोणाला प्रतिकूल, आणि अनुकूल आले तर कोणाला अनुकूल, हा प्रश्न पाठ्यपुस्तक विचारीत नाही. पुस्तकातील उदाहरण नेहमी एखाद्या 'अ' किंवा 'क्ष' लिमिटेड कंपनीचे असते. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात असलेल्या रोहिणखेडसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने अशी कंपनी पाहिलेली नसते. मात्र मजुरीचा दर, कामाचा उरक आणि वाया गेलेला वेळ या तीन गोष्टींचा हिशेब त्याच्या घरी प्रत्येक हंगामात होत असतो. सदर लेखात प्रत्यक्ष श्रम परिव्यय विचलनाच्या सूत्रांची कापूस वेचणीच्या संदर्भात तपासणी केली असून, ही सूत्रे कोणत्या गृहीतांवर उभी आहेत आणि ती कुठे अपुरी पडतात याचा शोध घेतला आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. मराठी लेखाशास्त्रात 'प्रत्यक्ष' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. उत्पादनाशी थेट निगडित असलेले श्रम ते प्रत्यक्ष श्रम, आणि प्रमाणाच्या तुलनेत खरोखर झालेला खर्च तोही प्रत्यक्ष खर्च. परिणामी 'प्रत्यक्ष प्रत्यक्ष श्रम परिव्यय' अशी विचित्र शब्दरचना उत्तरपत्रिकांत आढळते. हा गोंधळ टाळण्यासाठी येथे दुसऱ्या अर्थाने 'वास्तविक' हा शब्द योजला आहे.

सूत्रांची बांधणी व त्यातील गृहीते :

प्रमाण परिव्यय पद्धतीचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन कारखान्यांत आहे. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. हॅरिंग्टन इमर्सन यांनी त्याच्या थोडे आधी कार्यक्षमता व वेतन यांच्या संबंधावर लेखन केले होते. जी. चार्टर हॅरिसन यांनी १९११ च्या सुमारास प्रमाण परिव्ययाची पूर्ण पद्धती उभारली आणि १९१८ पासूनच्या लेखमालेत तिची सूत्रे मांडली. घड्याळ हाती घेऊन एका कामास किती वेळ 'लागावयास हवा' हे ठरविणारा अभियंता आणि त्या वेळेचे रुपयांत रूपांतर करणारा लेखापाल, या दोघांच्या भेटीतून ही पद्धती जन्मली. प्रमाण ठरविणाऱ्यांत ज्याच्या वेळेचे मोजमाप होत होते तो कामगार नव्हता, ही बाब प्रकरणाच्या प्रस्तावनेतून कालांतराने गळून गेली.

सूत्रे सर्वपरिचित आहेत. प्रमाण खर्चातून वास्तविक खर्च वजा केला असता एकूण श्रम परिव्यय विचलन मिळते. प्रमाण दर व वास्तविक दर यांतील फरकाला वास्तविक तासांनी गुणले असता दर विचलन, आणि प्रमाण तास व वास्तविक तास यांतील फरकाला प्रमाण दराने गुणले असता कार्यक्षमता विचलन निघते. दोहोंची बेरीज एकूण विचलनाइतकी येते व पडताळा जुळतो.

हा पडताळा जुळतो म्हणून विश्लेषण निर्दोष ठरत नाही. दर आणि तास दोन्ही एकाच वेळी बदलले, तर त्यांच्या संयोगातून निर्माण होणारा एक भाग असा असतो की जो केवळ दराचा नाही आणि केवळ तासांचाही नाही. दर विचलनात वास्तविक तास घेण्याच्या संकेतामुळे तो भाग मुकाट्याने दराच्या खात्यात जातो. यात गणिताची चूक नाही, पण हा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे, एवढे तरी विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

याहून महत्त्वाचे गृहीत वेतनपद्धतीविषयीचे आहे. सूत्रांत तासांचा दर आहे, म्हणजेच मजुराला वेळेवर वेतन मिळते असे धरलेले आहे. काम मंदावले तर त्याचा भार मालकावर पडतो आणि म्हणून तो 'प्रतिकूल' ठरतो. वेतन कामावर असेल तर काय होते, याचा विचार बहुतेक पुस्तके एका ओळीत उरकतात : नगावर वेतन असल्यास कार्यक्षमता विचलन संभवत नाही. हे विधान कितपत खरे आहे, ते वेचणीच्या शिवारात पाहता येते.

रोहिणखेडच्या शिवारातील वेचणी :

रोहिणखेडचे नाव इतिहासात दोन लढायांसाठी येते. १४३७ साली बहमनी फौजेने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा येथे पराभव केला आणि १५९० मध्ये अहमदनगरच्या गादीसाठीची लढाई येथेच झाली. वर्तमान रोहिणखेड मात्र घाटाखालचे, कापूस-सोयाबीनचे गाव आहे. वऱ्हाडाच्या या पट्ट्यातील कापूस खामगाव, मलकापूरच्या बाजारात जातो आणि त्याच्या लागवडखर्चातील मजुरीचा मोठा वाटा वेचणीचा असतो. भारतात कापूस अद्याप मुख्यत्वे हातानेच वेचला जातो, आणि वेचणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात.

सीतादही करून पहिल्या वेच्याला आरंभ होतो. एकाच शेतात तीन, चार वा त्याहून अधिक वेचे होतात. पहिल्या-दुसऱ्या वेच्यात बोंडे भरपूर फुटलेली असतात आणि ओटी लवकर भरते. पुढे बोंडे विरळ होतात, कवडीचे प्रमाण वाढते, एका किलोसाठी दुप्पट चालावे लागते. फरदडीच्या कापसाची तर गोष्टच वेगळी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे नुकसान केले, त्यात बोंडे अर्धवट उमलली आणि कापूस बोंडाला चिकटून राहिला. तो काढताना लागलेला जादा वेळ कोणत्याही अर्थाने वेचणारणीच्या आळसाचा नव्हता. वेचणीची मजुरी प्रायः किलोवर ठरते. संध्याकाळी गाठोडी मोजली जातात आणि शेतकऱ्याच्या वहीत नाव, किलो आणि रुपये अशा तीन नोंदी होतात. तासांची नोंद कोठेही नसते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी आहेत, ते कोणत्याही गावाचे सर्वेक्षण नव्हे. पहिल्या वेच्याच्या अनुभवावरून एका मजुराने तासाला ५ किलो कापूस वेचावा असे प्रमाण धरले आणि तासाचा प्रमाण दर ५० रुपये मानला. म्हणजे किलोला १० रुपये. तिसऱ्या वेच्यात १०० किलो कापसासाठी प्रमाणानुसार २० तास लागावयास हवे होते, वस्तुतः ३२ तास लागले.

मजुरी रोजाने, म्हणजे वेळेवर दिली असती तर वास्तविक खर्च १६०० रुपये आणि प्रमाण खर्च १००० रुपये. एकूण विचलन ६०० रुपये प्रतिकूल. दर बदललेला नाही, म्हणून दर विचलन शून्य आणि सर्व ६०० रुपये कार्यक्षमता विचलन. पाठ्यपुस्तकातील उदाहरण येथे संपते.

आता मजुरी किलोला १० रुपये या दरानेच दिली असे समजू. वास्तविक खर्च १००० रुपये, प्रमाण खर्चही १००० रुपये. एकूण विचलन शून्य. शेतकऱ्याची वही पाहणाऱ्याला येथे विश्लेषण करण्याजोगे काहीच दिसणार नाही. परंतु तासांची नोंद असती तर ३२ तासांत १००० रुपये मिळाले, म्हणजे तासाचा वास्तविक दर ३१ रुपये २५ पैसे पडला, हे दिसले असते. तो सूत्रात घातला की दर विचलन ६०० रुपये अनुकूल येते आणि कार्यक्षमता विचलन ६०० रुपये प्रतिकूल. बेरीज शून्य. याचाच अर्थ कार्यक्षमता विचलन 'संभवत नाही' हे म्हणणे बरोबर नाही. ते संभवते, आणि तेवढ्याच रकमेच्या दर विचलनाखाली झाकले जाते. शेतकऱ्यावर पडला असता तो ६०० रुपयांचा भार वेचणारणींनी आपल्या ताशी मिळकतीत घट सोसून उचलला, आणि लेखातंत्राच्या भाषेत त्या घटीचे नाव 'अनुकूल' असे आहे. या ६०० पैकी २२५ रुपये वर सांगितलेल्या संयोगाच्या भागातून आलेले आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ते दराच्या खात्यात गेले ते केवळ संकेतामुळे.

व्यवहारात असे क्वचितच घडते. वेचा विरळ झाला की किलोचा दर वाढतो, नाही वाढला तर बायका दुसऱ्या शेतात जातात. समजा, दर १३ रुपये झाला. वास्तविक खर्च १३०० रुपये, एकूण विचलन ३०० रुपये प्रतिकूल. तासाचा वास्तविक दर ४० रुपये ६२.५ पैसे, दर विचलन ३०० रुपये अनुकूल, कार्यक्षमता विचलन पूर्वीप्रमाणेच ६०० रुपये प्रतिकूल. विरळ बोंडांचा भार येथे निम्मा शेतकऱ्याकडे आणि निम्मा मजुरांकडे गेला. वेचणीच्या आदल्या सांजेला ओट्यावर जी घासाघीस चालते ती नेमकी याच विभागणीची असते. या दृष्टीने पाहता ही सूत्रे निरुपयोगी मुळीच नाहीत. भार कोणाकडून कोणाकडे सरकला हे ती अतिशय नेमकेपणाने दाखवितात. फक्त त्यासाठी तासांचा रकाना हवा आणि चिन्हाकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची तयारी हवी.

येथे प्रमाणाचाच प्रश्न उपस्थित होतो. पहिल्या वेच्याचे प्रमाण तिसऱ्या वेच्याला लावणे हीच मूळ चूक नाही काय? जोएल डेम्स्की यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की, परिस्थिती बदलल्यानंतर वास्तविक कामगिरीची तुलना जुन्या प्रमाणाशी न करता, बदललेल्या परिस्थितीत जे प्रमाण योग्य ठरले असते त्याच्याशी केली पाहिजे. यातूनच पुढे नियोजन विचलन व कार्यवाही विचलन हा भेद रूढ झाला. वरील उदाहरणात तिसऱ्या वेच्यासाठी १०० किलोस ३० तास हे वाजवी प्रमाण मानले, तर ६०० पैकी ५०० रुपये नियोजनाचे म्हणजे प्रमाण चुकल्याचे ठरतात. कामाच्या उरकाशी संबंधित विचलन उरते ते १०० रुपयांचे. मजूर कामचुकार झाले आहेत ही शेतकऱ्यांच्या बोलण्यात हटकून येणारी तक्रार बव्हंशी या ५०० रुपयांविषयीची असते. उलटपक्षी, तोट्यात चाललेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला नियोजन विचलन हा शब्द सांगून त्याचे ३०० रुपये परत मिळत नाहीत, हेही तितकेच खरे.

निष्क्रिय वेळेचे विचलन ही या प्रकरणातील आणखी एक उपेक्षित बाब. यंत्र बंद पडले, वीज गेली अशा कारणांनी वाया गेलेल्या तासांना प्रमाण दराने गुणून ते काढतात आणि ते सदैव प्रतिकूल असते. शेतात ओल्या कापसाची प्रत खालावते म्हणून दव वाळण्याची वाट पाहणे, अवकाळी पावसाची सर आल्यास थांबणे, दूरच्या शिवारात पायी जाणे आणि दिवसाच्या शेवटी वजनासाठी ताटकळणे हा सर्व निष्क्रिय वेळच होय. किलोवरील मजुरीत त्याचे मूल्य शून्य धरले जाते.

पुरुष, स्त्रिया आणि मुले :

श्रम मिश्रण विचलनाविषयी थोडक्यात परंतु स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. भारतीय पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत हे विचलन शिकविताना 'पुरुष, स्त्रिया व मुले' यांच्या टोळीचे उदाहरण वर्षानुवर्षे चालत आले आहे. तिघांचे ताशी दर उतरत्या क्रमाने दिलेले असतात. समजा, प्रमाण टोळी ४०० रुपये रोजाच्या ६ पुरुषांची व २५० रुपये रोजाच्या ४ स्त्रियांची आहे. खर्च ३४०० रुपये. वस्तुतः ४ पुरुष व ६ स्त्रिया कामावर आल्या आणि काम तेवढेच झाले. खर्च ३१०० रुपये, मिश्रण विचलन ३०० रुपये अनुकूल. काम तेवढेच झाले असेल तर हे ३०० रुपये कोणत्या कार्यक्षमतेतून आले? ते केवळ स्त्रीच्या कमी दरातून आले आहेत. दोघांचा दर समान असता तर हे विचलन शून्य झाले असते. समान मोबदल्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला, समान वेतन कायदा १९७६ मध्ये आला आणि त्यातील तरतुदी पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाल्या. बालमजुरी प्रतिबंधाचा कायदा १९८६ चा. इतक्या काळानंतरही लेखाशास्त्राच्या वर्गात मुलाचा ताशी दर 'प्रमाण' म्हणून फळ्यावर लिहिला जावा, याला निव्वळ सवय म्हणून सोडून देता येत नाही. कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी विभागणी करूनही हेच सूत्र शिकविता येते.

गिरणीतील प्रमाण व रोजगार हमीचे मोजमाप :

प्रमाण कोणी ठरवावे हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. मालकांच्या 'कार्यक्षमता' योजनेत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई विभागात एकाने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात अशी अपेक्षा होती. सोबत मालक संघाने वेतनाच्या प्रमाणीकरणाची योजना पुढे केली. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने या योजनेची छाननी केली व १९२९ मध्ये अहवाल दिला. कामगारांचे एक गाऱ्हाणे लेखाशास्त्राच्या दृष्टीने फार बोलके आहे : हलक्या प्रतीचा कापूस मिसळला की सूत वारंवार तुटते, माग थांबतो आणि नगावर काम करणाऱ्या विणकराची कमाई घटते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर स्वस्त कापसामुळे मालकाला सामग्री दर विचलन अनुकूल मिळते, आणि त्याची किंमत श्रम कार्यक्षमतेच्या रकान्यात कामगाराच्या नावे लागते. विचलनांचे परस्परावलंबन या नावाने हा मुद्दा पुस्तकांत येतो, परंतु तेथे तो खरेदी व्यवस्थापक आणि उत्पादन व्यवस्थापक यांच्यातील कुरबुरीपुरता मर्यादित असतो. गिरणगावात त्याच मुद्द्यावर सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले होते.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये प्रयोगरूपाने सुरू झालेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेचे वेतन कामाच्या मोजमापावर होते, आणि दरपत्रकाची रचना अशी अभिप्रेत होती की सर्वसाधारण मजुराने सात तास काम केल्यास त्याला किमान वेतन पडावे. कामाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता, जे पाठ्यपुस्तकातील टोळीला आजतागायत जमलेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानेही मोजमापाचे तत्त्व स्वीकारले. त्याखाली महाराष्ट्रासाठीचा अधिसूचित मजुरी दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. परंतु अधिसूचित दर आणि हातात पडणारी रक्कम यांत मोजमाप उभे असते. मऊ माती आणि कठीण मुरूम यांसाठी दरपत्रकात वेगळे दर असतात. खड्डा मुरमाचा आणि नोंद मातीची, असे झाले की मजुराची 'कार्यक्षमता' कागदावर कोसळते. हे डेम्स्कींच्या अर्थाने शुद्ध नियोजन विचलन होय. ते मजुरीतून वसूल होते, आणि दरपत्रक लावणाऱ्या कार्यालयाच्या कोणत्याही हिशेबात त्याचा मागमूस राहत नाही.

पीटर मिलर व टेड ओ'लिअरी यांनी १९८७ मध्ये प्रमाण परिव्ययाच्या इतिहासावर लिहिताना असे दाखविले की, या तंत्राने खर्च मोजण्याबरोबर माणसाला मोजता येण्याजोगा व म्हणून शासित करता येण्याजोगा बनविले. त्याच वर्षी थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी अगदी वेगळ्या अंगाने, प्रत्यक्ष श्रमावर केंद्रित झालेली ही लेखापद्धती आधुनिक कारखान्यात कालबाह्य झाली असल्याची टीका केली. यंत्राधिष्ठित कारखान्यापुरती ती रास्त आहे. मात्र जेथे वेचणी, निंदणी, सोंगणी अजून हातानेच होते तेथे प्रत्यक्ष श्रम हा खर्चाचा गाभाच आहे. त्यामुळे जॉन्सन-कॅप्लन यांचा हवाला देऊन हे प्रकरण अभ्यासक्रमातून वगळावे, ही सूचना वऱ्हाडातील महाविद्यालयांपुरती तरी गैरलागू ठरते.

लागवडखर्चाच्या हिशेबातील स्थान :

शेतमालाच्या हमीभावाचा पाया असलेल्या लागवडखर्चात श्रम दोन प्रकारे येतात : भाड्याने घेतलेले आणि घरचे. कृषिमूल्य आयोगाच्या अ२ अधिक कौटुंबिक श्रम या संकल्पनेत घरच्या श्रमाचे मूल्य मजुरीच्या दराने धरले जाते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा असा खर्च क्विंटलला ५१४० रुपये आणि त्याच्या दीडपट म्हणून हमीभाव ७७१० रुपये जाहीर झाला. १९७०-७१ पासून चालू असलेल्या केंद्रीय लागवडखर्च अभ्यास योजनेत निवडक शेतांवर श्रमाचे तासही नोंदविले जातात. म्हणजे वेचणीचे तास व किलोवर दिलेली मजुरी यांची सांगड घालण्यास लागणारी सामग्री देशात मुळीच नाही असे नाही. तथापि अंतिम आकड्यात ती क्विंटलमागील रुपयांत विरून जाते. घरच्या स्त्रिया तिसऱ्या-चौथ्या वेच्याला शेजारच्या शेतकऱ्याशी इर्जिक करून वेचणी उरकतात, तेव्हा तर दर नावाची गोष्टच उरत नाही, फक्त तास उरतात, आणि ते कोणाच्याही वहीत नसतात.

या विषयाच्या अध्यापनात व प्रकल्पकार्यात म्हणूनच शेतकऱ्याच्या मजुरीवहीचा उपयोग करून घेणे शक्य आहे. नाव, किलो व रुपये या तीन रकान्यांना वेच्याचा क्रमांक आणि कामाचे तास असे दोन रकाने जोडले, तर एका हंगामात, एका शेतावर, दर, कार्यक्षमता, निष्क्रिय वेळ आणि नियोजन ही चारही विचलने विद्यार्थ्याला स्वतः काढता येतील. तासांची नोंद मात्र मालकाच्या सांगण्यावरून न होता वेचणाऱ्या स्त्रियांना विचारून व्हावी. घरून निघण्याची वेळ आणि वजन झाल्याची वेळ त्यांनाच ठाऊक असते, आणि तिसऱ्या वेच्याचे वाजवी प्रमाण काय, याचे उत्तरही बहुधा त्यांच्याकडेच असते.